टाकीचा कंट्रोलर आणि त्याचं ड्रॉइंग: सॉफ्टवेअर निवडतानाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सोसायटीच्या पंपाचा ऑटोमॅटिक कंट्रोलर गेला तो गेलाच. आज पॅनेलमधून बोर्ड काढून घरी आणला. दोन आयसींवरचे नंबर पॉलिश पेपरने घासून टाकलेत, ड्रॉइंग कुणाकडेच नाही, ज्याने बसवला त्याचा फोन बंद. रिले चांगला आहे, ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, टर्मिनल चांगले आहेत. पण दोन नंबर पुसलेल्या आयसींपायी अख्खा बोर्ड भंगारात जाणार. आयसीचे नंबर घासण्याची ही पद्धत मला मनापासून नावडते. दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

नवा कंट्रोलर मी करून देतो असं कमिटीला सांगितलंय. त्यात एक गोष्ट माझ्याकडून घातली: आधी सर्किटचं स्वच्छ ड्रॉइंग, मग बोर्ड. ड्रॉइंगची एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून लागेल आणि फाइल सोसायटीच्या पेनड्राइव्हवर राहील. मी इथे राहत असेन-नसेन, पुढे कुठल्याही वायरमनला किंवा डिप्लोमाच्या मुलाला ते उघडून वाचता आलं पाहिजे. तेव्हा सोल्डरिंगला हात लावण्याआधी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ठरवायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सर्किट आधी वहीत पेन्सिलीने काढलं. विचार चालू असताना पेन्सिलीइतकं भराभर चालणारं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही, आणि यापुढेही सुरुवात वहीतच करणार.

मधोमध एक ५५५, म्हणजे आठ पिनांची टायमर आयसी. टायमर म्हणून वापरायचा नाही, आतली लॅच, म्हणजे आधीची स्थिती धरून ठेवणारा भाग, वापरायची. सप्लाय १२ व्होल्ट. पिन २ वरचा व्होल्टेज सप्लायच्या एक तृतीयांशाखाली, म्हणजे ४ व्होल्टच्या खाली गेला की आउटपुट चढतं. पिन ६ दोन तृतीयांशावर, म्हणजे ८ व्होल्टच्या वर गेली की उतरतं. वरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच. पाणी तळाशी गेलं की खालचा फ्लोट पिन २ ला ग्राउंडकडे ओढतो, मोटर चालू. टाकी भरली की वरचा फ्लोट पिन ६ ला १२ व्होल्टकडे ओढतो, मोटर बंद. मधल्या पातळीला लॅच आहे तशीच राहते, त्यामुळे रिले सारखा कटकट करत नाही. खालच्या हौदात तिसरा फ्लोट, तो पिन ४ वर, म्हणजे रीसेटवर. हौद रिकामा असेल तर बाकी काहीही असो, मोटर लागणार नाही. पिन ४ ला १० के (किलोओम) चा पुल-अप, म्हणजे पिनला सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर, आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिलाय, म्हणजे वीज जाऊन परत आली की लॅच आधी बंद स्थितीत येते.

पाण्यात बुडणारे स्टीलचे प्रोब जाणूनबुजून टाळले. प्रोबमधून डीसी गेला की इलेक्ट्रोलिसिस होतं, प्रोब खाल्ला जातो आणि त्यावर थर चढतो. फ्लोट थोडा महाग पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो.

२१ सप्टेंबर, रविवार

आता सॉफ्टवेअर. पहिलं नाव अर्थातच ईगल, कारण माझी जुनी ड्रॉइंग्ज सगळी त्यातच आहेत. कॅडसॉफ्ट या जर्मन कंपनीने ते १९८८ मध्ये काढलं. हौशी लोकांना फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत ड्रॉइंगचे दोन कागद आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड एवढी मर्यादा होती, पण घरगुती कामाला तेवढं पुरायचं. आमच्या पिढीतले पुष्कळ जण ईगलवरच शिकले. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं, २०१७ पासून वर्गणीवर आलं, आणि २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ ला ईगल बंद होणार. पुढचं काम त्यांच्याच फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये. नऊ महिन्यांनी बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवं ड्रॉइंग सुरू करण्यात अर्थ नाही.

या निमित्ताने माझी कसोटी मात्र पक्की झाली. सॉफ्टवेअरची तुलना करणारे बहुतेक जण पीसीबीबद्दल, म्हणजे छापील सर्किट बोर्डाबद्दल बोलतात: किती लेअर, ऑटोराउटर कसा, थ्रीडी चित्र कसं दिसतं. मला यातलं काहीच नको आहे. सर्किट झीरो पीसीबीवर, म्हणजे तयार भोकांच्या साध्या बोर्डवर बसणार आहे. मला हवंय फक्त स्किमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, आणि त्याच्या फाइलचं आयुष्य कंट्रोलरच्या आयुष्यापेक्षा जास्त हवं. चांगला फ्लोट आणि चांगला रिले दहा वर्षं सहज चालतात. तेव्हा फाइल दहा वर्षांनी उघडली पाहिजे, पैसे न भरता, कुणाच्या खात्यात लॉगिन न करता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी ईझीईडीए पाहिलं. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल करायची भानगड नाही, आणि हाताळायला खरंच सोपं आहे. चिनी सुट्या भागांच्या दुकानाशी आणि पीसीबी बनवणाऱ्या कारखान्याशी ते जोडलेलं आहे. घटक निवडला की दुकानातला पार्ट नंबर त्याच्यासोबतच येतो. ज्याला तिथूनच बोर्ड मागवायचाय त्याच्यासाठी हा सर्वांत जवळचा रस्ता, आणि तसं विचारणाऱ्याला मी तोच सुचवेन. मी माल आणणार पुण्यातल्या बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीतून, त्यामुळे तो फायदा मला नाही. शिवाय खातं लागतं. सोसायटीची कमिटी दर काही वर्षांनी बदलते, खात्याचा पासवर्ड कुणी कुणाला द्यायचा?

२८ सप्टेंबर, रविवार

भाची आली होती, पॉलिटेक्निकला आहे. तिच्या कॉलेजात प्रोटियस. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम ड्रॉइंगमधल्याच चिपमध्ये भरून तिथल्या तिथे चालवून बघता येतो, ही त्याची मोठी ताकद. तिने एलसीडीवर अक्षरं आणून दाखवली. पण ते विकतचं सॉफ्टवेअर आहे, आणि माझ्या सर्किटात मायक्रोकंट्रोलरच नाही.

तिच्याकडूनच ई-सिमचा विषय निघाला. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने बनवलेलं, पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर. त्यात ड्रॉइंगसाठी किकॅड आणि सिम्युलेशनसाठी (सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून बघण्यासाठी) एनजीस्पाइस एकत्र बांधलेत. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसकट भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. शिकणाऱ्या मुलांनी पायरेटेड प्रतींच्या मागे लागण्यापेक्षा इथून सुरुवात करावी असं मला फार वाटतं, आणि तिलाही तेच सांगितलं.

फ्रिट्झिंगही तिच्यासोबतच उघडलं. जर्मनीतल्या पोट्सडामच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात सुरू झालेला प्रकल्प. ब्रेडबोर्डचं (सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडायच्या बोर्डाचं) चित्र काढायला त्याला तोड नाही: खरा रेझिस्टर, खऱ्या रंगीत वायरी. शाळेतल्या मुलांच्या कार्यशाळेसाठी मी डोळे मिटून तेच घेईन. पण ब्रेडबोर्डच्या चित्रात कुठली वायर कुठे गेली ते कळतं, का गेली ते कळत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला ‘का’ हवं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि लॅपटॉपची पूजा. दुपारी लॅपटॉपवर किकॅड ९ घातलं. सगळ्या लायब्रऱ्यांसकट डाउनलोड मोठा आहे, घरच्या ब्रॉडबँडवर बराच वेळ घेतला.

किकॅडची सुरुवात १९९२ ची. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांनी ते सुरू केलं. २०१३ पासून सर्न या अणुसंशोधन संस्थेने आपली माणसं त्याच्या कामाला लावली आणि तेव्हापासून त्याने वेग घेतला. परवाना जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यामुळे उद्या मूळ टीम थांबली तरी सोर्स कोड कुणालाही पुढे नेता येतो.

मला पटवलं ते मात्र फाइलने. ड्रॉइंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. सरळ मजकूर. कंसात कंस, त्यात ‘सिंबल’, त्याची जागा, त्याची किंमत. वायर कुठून कुठे तेही आकड्यांत. फाइलच्या सुरुवातीलाच वापरलेल्या प्रत्येक सिंबलची पूर्ण प्रत साठवलेली असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर माझ्या लायब्रऱ्या नसल्या तरी ड्रॉइंग जसंच्या तसं दिसणार. सहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याआधी लायब्ररीची वेगळी फाइल सोबत ठेवावी लागायची आणि तीच हरवायची. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडते, पण नवीत सेव्ह केलेली जुनीत उघडत नाही. म्हणून फाइलसोबत आवृत्तीचा नंबर लिहून ठेवणार.

५ ऑक्टोबर, रविवार

आज प्रत्यक्ष ड्रॉइंग. माऊसने मेनू शोधत बसलं तर किकॅड कंटाळवाणं वाटतं. कीबोर्डवर आलं की हात धावतो. ‘ए’ दाबलं की सिंबल, ‘डब्ल्यू’ वायर, ‘आर’ फिरवणे, ‘पी’ सप्लाय आणि ग्राउंडची चिन्हं, ‘एल’ लेबल, ‘व्ही’ किंमत बदलणे. ग्रिड ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटर, तिला हात लावायचा नाही. ग्रिड बारीक करून सिंबल ठेवलं की वायर पिनला टेकलेली दिसते पण जोडलेली नसते, आणि ही चूक डोळ्यांनी सापडत नाही.

५५५ चं सिंबल पाहून नवा माणूस गोंधळतो. खऱ्या आयसीत एका बाजूला १ ते ४ आणि दुसरीकडे ५ ते ८ पिना. सिंबलमध्ये ८ वर, १ खाली, ३ उजवीकडे. भाचीने हेच विचारलं, "मामा, ह्यांनी पिना इकडच्या तिकडे का केल्या?" तिला वहीतलं माझं ड्रॉइंग दाखवलं. वर सप्लाय, खाली ग्राउंड, डावीकडून येणारे सिग्नल, उजवीकडे जाणारं आउटपुट. या क्रमाने पिना मांडल्या की वायरी एकमेकींना छेदत नाहीत आणि सर्किट डावीकडून उजवीकडे वाचत जाता येतं. आयसीचं रूप जपायचं काम लेआउटचं. स्किमॅटिकमध्ये कामाचा क्रम दिसायला हवा.

रेझिस्टरचं चिन्ह किकॅडमध्ये दोन प्रकारचं मिळतं: आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाचा आयत आणि अमेरिकन नागमोडी रेघ. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं नागमोडी वापरतात, म्हणून मीही तीच घेतली. किंमत मात्र ४.७ के अशी न लिहिता ४के७ अशी. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये पहिला उडतो तो दशांशबिंदू.

१२ ऑक्टोबर, रविवार

ईआरसी चालवलं, म्हणजे विद्युत नियमांची तपासणी. स्किमॅटिकच्या सॉफ्टवेअरला नुसत्या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळं करणारी गोष्ट हीच. पहिला शेरा: सप्लायची इनपुट पिन कुठल्याच आउटपुट पिनने चालवलेली नाही. सप्लाय बाहेरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून टर्मिनलवर येतो. टर्मिनलच्या पिना त्याच्या लेखी ‘पॅसिव्ह’, तेव्हा वीज येते कुठून हे त्याला कळत नाही. १२ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या रेघेला एकेक पॉवर फ्लॅग लावला की शेरा जातो. नवशिके इथे वैतागून ईआरसीच बंद करतात. तसं करू नये, कारण दुसरा शेरा कामाचा असतो: पिन ७ मोकळी. ती आपल्याला मोकळीच हवी आहे, तर ‘क्यू’ दाबून तिच्यावर फुली मारायची. पुढे वाचणाऱ्याला फुली दिसली की कळतं, ही पिन विसरलेली नाही, सोडलेली आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

फराळाच्या गडबडीतून दुपारचा वेळ काढला आणि एलटीस्पाइस हे सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर उघडलं. मूळ लिनिअर टेक्नॉलॉजीचं, ती कंपनी २०१७ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसकडे गेली. सॉफ्टवेअर आजही फुकट. ५५५ त्यात तयार मिळतो. ड्रॉइंग म्हणून ते देखणं नाही, पण आकडे तपासायला मला आवडतं.

प्रश्न असा. गच्चीवरच्या फ्लोटची वायर लांब, मोटरच्या केबलजवळून जाणारी. तिच्यावर गोंगाट येणार. म्हणून पिनपाशी १०० नॅनोफॅरड आणि वायरच्या वाटेत एक रेझिस्टर. तो केवढा? पिन २ चा पुल-अप १० के. वाटेतला रेझिस्टरही १० के ठेवला तर फ्लोटचा स्विच जुळल्यावर पिनवर बरोबर निम्मा, ६ व्होल्ट उरतो. ४ च्या खाली जात नाही, मोटर लागणारच नाही. १ के ठेवला तर १.१ व्होल्ट, काम झालं. पिन ६ लाही १ के चालतो, तिथे १०.९ व्होल्ट मिळतात आणि हवे आहेत ८.

पिन ४ ची गोष्ट वेगळी. रीसेटचा उंबरठा सप्लायच्या भागात नसतो. डेटाशीटमध्ये तो ०.३ ते १ व्होल्ट दिलाय, साधारण ०.७. म्हणजे खात्रीने रीसेट हवा असेल तर पिन ०.३ च्या खाली न्यावी लागते. १ के ठेवला तर तिथे १.१ व्होल्ट राहतात, आणि हौद कोरडा असताना मोटर चालू राहू शकते. नेमकं जे टाळायचं तेच. २२० ओमला ०.२६ येतात, पण पिनमधून स्वतःचा थोडा करंट बाहेर येतो, तो धरला की काठावर जातं. १०० ओम घेतला.

रिलेच्या बाजूला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला ४के७. १२ व्होल्टच्या शुगर क्यूब रिलेची कॉइल ४०० ओम, म्हणजे ३० मिलिअँपिअर. बेसला २ मिलिअँपिअर मिळतात, भरपूर झालं. कॉइलला उलटा १एन४००७ डायोड.

हा हिशेब मी किकॅडच्या ड्रॉइंगवर त्या रेझिस्टरशेजारीच लिहून ठेवला: ‘१०० ओमच ठेवा. १ के लावल्यास रीसेट होणार नाही.’ दुरुस्ती करणारा हातातला १ के लावून मोकळा होईल, त्याला दोष देता येणार नाही. बाकी दोन ठिकाणी १ के च आहे. किमती बोर्ड बघूनही कळतात, कारण फक्त ड्रॉइंगवरच मिळतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज आटोपली. आमचे वायरमन अण्णा आले, २३० व्होल्टची बाजू तेच जोडणार आहेत. ड्रॉइंगचा प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "दादा, हे इलेक्ट्रॉनिकचं तुमचं तुम्ही बघा. मला ए१-ए२ कुठंय ते दाखवा. नंबर दिसला की मी वायर लावतो."

बरोबर आहे त्यांचं. काँटॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले. त्याच्या कॉइलला ए१-ए२, ऑक्झिलरी काँटॅक्टला १३-१४, ओव्हरलोडच्या एनसी, म्हणजे एरवी जुळलेल्या काँटॅक्टला ९५-९६. हे नंबर काँटॅक्टरवर छापलेले असतात आणि पॅनेलचं काम करणारा प्रत्येक माणूस त्यावरच चालतो. मी काढलेल्या कॉइलला नुसतं १ आणि २ होतं.

"अण्णा, तुम्हाला पॅनेलचं वेगळं ड्रॉइंग दिलं तर?"

"वेगळं नको. एक कागद फाटला की दुसरा बिनकामाचा."

२ नोव्हेंबर, रविवार

अण्णा नको म्हणाले तरी क्यूइलेक्ट्रोटेक पाहून घेतलं. मुक्त सॉफ्टवेअर, फाइल एक्सएमएलमध्ये, खास पॅनेलच्या वायरिंगसाठी. काँटॅक्टर, ओव्हरलोड, पुशबटण, टर्मिनल पट्टी सगळं तयार मिळतं. ज्याचं सगळं काम कंट्रोल पॅनेलचं आहे त्याने तेच घ्यावं. इथे मात्र अर्धं काम इलेक्ट्रॉनिक्सचं आहे, आणि दोन फाइली ठेवल्या की एक बदलते, दुसरी तशीच राहते. शेवटी किकॅडच्या सिंबल एडिटरमध्येच काँटॅक्टर काढला. पिनच्या नंबरात अक्षरं चालतात, त्यामुळे ए१, ए२, १३, १४ जसेच्या तसे आले. ओव्हरलोडचा ९५-९६ आणि ऑटो-मॅन्युअल सिलेक्टरही तिथेच काढला.

कागदावर मधोमध तुटक रेघ ओढली. डावीकडे १२ व्होल्ट, उजवीकडे २३०, आणि रेघ ओलांडणारी एकच गोष्ट: रिले.

९ नोव्हेंबर, रविवार

सूचना मराठीत हव्या होत्या. सातव्या आवृत्तीपासून किकॅडमध्ये कॉम्प्युटरवरचे फाँट वापरता येतात, तेव्हा मजकुराच्या खिडकीत देवनागरी फाँट निवडला. ‘वरची टाकी, खालचा फ्लोट’, ‘हौद रिकामा: स्विच जुळलेला’, ‘सप्लाय बंद करूनच हात लावा’. जोडाक्षरं स्क्रीनवर आणि पीडीएफमध्येही नीट आली. वायरींची लेबलं रोमनमध्येच ठेवली, नेटलिस्ट, म्हणजे जोडण्यांची यादी, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना अडचण नको.

अण्णांना नवा प्रिंट दाखवला. या वेळी बोट ठेवत सगळा वाचला आणि विचारलं, "मॅन्युअलला असताना हौद रिकामा झाला तर?" ड्रॉइंगप्रमाणे मॅन्युअलमध्ये हौदाचा फ्लोट वाटेतच येत नव्हता. कोरड्या पंपाला मॅन्युअल आणि ऑटो सारखंच. आता हौदाला दोन काँटॅक्टचा फ्लोट घेऊन दुसरा काँटॅक्ट एका वेगळ्या छोट्या रिलेमार्फत काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घातला. पाण्यातल्या फ्लोटवर २३० व्होल्ट जाऊ द्यायचे नाहीत. तुटक रेघ ओलांडणारे आता दोन रिले झाले. ईआरसी पुन्हा चालवलं, शेरा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

किकॅड ९ वर शिक्कामोर्तब; आकडे तपासायला एलटीस्पाइस सोबत. पेनड्राइव्हवर ठेवलं ते असं: किकॅडचं पूर्ण फोल्डर, त्याच ड्रॉइंगचा पीडीएफ, सामानाची यादी, आणि आवृत्तीचा नंबर लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल. ए३ वरचा प्रिंट लॅमिनेट करायला दिलाय. यादीतल्या प्रत्येक आयसीपुढे पूर्ण नंबर आहे. तपकीर गल्लीतून ५५५ आणि बीसी५४७ जास्तीचे आणून एका पाकिटात पॅनेलमध्येच ठेवणार.

जुन्या ईगल ड्रॉइंग्जचं कामही याच महिन्यात हाती घेतो. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली एक्सएमएलमध्ये आहेत, त्या किकॅड थेट उघडतं. एफएम रिसीव्हर आणि बॅटरी चार्जरच्या फाइली तशा आल्या. त्याआधीच्या बायनरी फाइली मात्र आधी ईगलमध्ये उघडून नव्या रूपात सेव्ह कराव्या लागतात, आणि त्याला मुदत आहे जूनपर्यंतच. त्या आधी घेणार, बाकीच्या सावकाश.